सेकंडहँड जंबो गिटार : आवाज आवडलाय, पण ॲक्शन उंच आणि टॉप फुगलेला. घ्यावी का?

मुळशीकर | १६ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस जंबो बॉडीची, म्हणजे मोठ्या पेटीची, ॲकूस्टिक गिटार शोधतोय. आमचा गाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, भावगीतं, कोळीगीतं, जुनी सिनेमातली गाणी सगळं चालतं, माइक बहुतेक वेळा नसतोच, कोणाच्या तरी गच्चीवर नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक जमते. माझ्याकडे यामाहाची एफ-३१० आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण ढोलकी आणि आठ-दहा गळे एकदम सुरू झाले की ती कोणाला ऐकूच येत नाही.

अलिबागजवळ एका गृहस्थांकडे एपिफोनची ईजे-२०० एससीई विकायला आहे. मेपलची बॅक आणि साइड, स्प्रूसचा टॉप (पुढची फळी), कटअवे, स्पीकरला जोडायला पिकअप आहे. रविवारी जाऊन बघून आलो. एक ओपन जी वाजवला आणि खोली भरली हो. खालचा आवाज छातीत जाणवतो. पण बाकीचं सांगतो :

ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली स्टीलची पट्टी लावली तर ३.६ मिमी. बारच्या कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) हात दुखतो. ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवतात ते लाकूड) मागे टॉप फुगलाय, उजेड तिरपा पडला की स्पष्ट दिसतं. ए तारेवर पाचव्या फ्रेटला जोरात मारलं की आतून कुठून तरी गुर्रर्र असा आवाज येतो, बाकी फ्रेटवर नाही. तारा काळ्या पडल्यात, वरच्या पट्टीत आवाज बसल्यासारखा. मालक म्हणाले गिटार दोन-तीन वर्षं बंगल्यावरच पडून आहे, केस आहे पण बाहेर स्टँडवर असते.

२४ हजार मागतायत. घ्यावी का सोडावी? आणि हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे का?

---

पहिली_तार | १६ सप्टेंबर, रात्री १०:५२

शीर्षकात सेकंडहँड जंबो वाचलं आणि म्हटलं वडापाव सेकंडहँड कोण विकतंय.

---

धोबीतलाव | १६ सप्टेंबर, रात्री ११:३०

मुळशीकर, आधी किमतीचं सोडा, आधी गिटार समजून घ्या.

ही ईजे-२०० म्हणजे गिब्सनच्या एसजे-२०० ची धाकटी बहीण. मूळ एसजे-२०० गिब्सनने १९३७ मध्ये रे व्हिटली नावाच्या अमेरिकन काउबॉय गायकासाठी बनवली. पेटीची खालची रुंदी सुमारे १७ इंच, कंबर बारीक. तुलनेला ड्रेडनॉटची, म्हणजे तुमच्या एफ-३१० सारख्या गिटारची, खालची रुंदी १५ पूर्णांक ५/८ इंच असते आणि कंबर जवळजवळ नसतेच. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या एसजे-२०० ची बॅक आणि साइड रोजवूडची असायची, नंतर मेपल आलं ते आजपर्यंत. मेपलमध्ये आवाज पटकन उठतो आणि पटकन बसतो, मागे फार घोळत राहत नाही, म्हणून जोरात स्ट्रमिंग केलं तरी कॉर्डचा लगदा होत नाही. दहा माणसं गात असताना साथीला हवी ती हीच गिटार, तुमची निवड शंभर टक्के बरोबर आहे.

आता तब्येत. ३.६ मिमी खूपच झालं. साधारण २.५ जाड ई ला आणि २ च्या आसपास बारीक ई ला असलं की हात सुखी. पण नुसत्या ॲक्शनच्या आकड्यावरून काही कळत नाही. ॲक्शन तीन-चार कारणांनी वाढते आणि त्यातलं एक कारण फुकटात सुटतं, एक कारण गिटारच्या किमतीएवढे पैसे खातं. ते कुठलं आहे हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पुन्हा गेलात तर हे करा. सरळ धारेची लांब पट्टी फ्रेटांवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकलं किंवा किंचित वर राहिलं तर नेकचा कोन ठीक. टोक ब्रिजच्या कडेच्या खाली जाऊन आपटलं तर नेक पुढे झुकलाय, रीसेट (नेक काढून नीट कोनात पुन्हा बसवणं) लागेल, सोडून द्या. दुसरं, सॅडल (ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजच्या वर किती दिसतंय ते मोजा. ३-४ मिमी असेल तर घासून खाली आणायला जागा आहे. आधीच कोणीतरी घासून १ मिमीवर आणलं असेल आणि तरी ॲक्शन ३.६ असेल तर नमस्कार करून परत या.

---

बाराखडी | १७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

ट्रस रॉड फिरवून ॲक्शन खाली येते ना? माझे सर तसंच करतात.

---

धोबीतलाव | १७ सप्टेंबर, सकाळी ९:१०

@बाराखडी, ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली सळई, ती नेकचा वाकडेपणा ठरवते. तारांच्या ताणाने नेक पुढे वाकतो, रॉड त्याला मागे ओढते. नेक जास्त वाकलेला असेल तर रॉड आवळल्यावर ॲक्शन थोडी उतरते, पण तो त्याचा जोडपरिणाम. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फट बघा. लग्नपत्रिकेचा जाड कागद जेमतेम जाईल एवढी, म्हणजे पाव मिमीच्या आसपास, हवी. तेवढी असेल तर रॉडला हात लावायचा नाही, ॲक्शन कितीही उंच असू दे.

---

सावजी | १७ सप्टेंबर, दुपारी १:२२

मी सरळ सांगतो, टॉप फुगलेली गिटार घेऊ नका. ब्रिजमागे पोट आलं म्हणजे आतली ब्रेसिंग (टॉपला आतून चिकटवलेल्या पट्ट्या) गेली. विषय संपला. २४ हजारात दुसरी मिळेल.

---

अनघा_फिंगरस्टाइल | १७ सप्टेंबर, दुपारी २:४०

सावजी, असं सरसकट नाही हो म्हणता येत. ॲकूस्टिकचा टॉप मुळातच सपाट नसतो, बनवतानाच त्याला हलका घुमट दिलेला असतो, आणि हलक्या तारांचासुद्धा एकूण ताण ७०-७५ किलोच्या घरात जातो, तेवढं ओझं रोज अंगावर घेऊन टॉप थोडा वर येणारच. चांगल्या आवाजाच्या कितीतरी जुन्या गिटारींना पोट असतं. बघायचं असतं ते ब्रिजच्या पुढे. मागे फुगवटा आणि साउंडहोलच्या बाजूला खड्डा असं दोन्ही असेल तर ब्रिज पुढे कलंडतोय, ते वाईट. नुसता सगळीकडून सारखा फुगवटा असेल तर वेगळं कारण असू शकतं.

मुळशीकर, तुम्ही दुसरी गोष्ट विचारलीच नाही पण सांगते. तुमची उंची किती? माझी पाच फूट एक इंच. जंबो मांडीवर घेतली की उजवा खांदा वर चढतो, तासाभराने मान धरते. मला तो आवाज अतिशय आवडतो, पण मी त्याहून लहान, ऑडिटोरियम साइजवर आले आणि सुखी आहे. आणि हो, जंबोवर नाजूक फिंगरपिकिंग उठत नाही, बोटांनी वाजवलं तर खालच्या तारा वरच्या तारांना खाऊन टाकतात. तुम्हाला स्ट्रमिंगच करायचं असेल तर उत्तम.

---

न्यूजर्सीकर | १७ सप्टेंबर, रात्री ९:१५

अनघाताई, शेवटच्या मुद्द्याशी असहमत. रेव्हरंड गॅरी डेव्हिस आयुष्यातला मोठा काळ जे-२०० वर बोटांनीच वाजवत होते, अंगठा आणि तर्जनी, बस. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून. रस्त्यावरच्या गोंगाटात नाजूक गिटार काय कामाची. जंबो बोटांनी वाजते, फक्त तिला जोर लागतो.

माझ्याकडे जुनी गिल्डची जंबो आहे, १२ तारांची, मेपलची. इथे एडिसनमध्ये एका घरगुती सेलमध्ये मिळाली. गिल्ड कंपनी १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली, मग इथे न्यूजर्सीत होबोकेनला आली, मग ऱ्होड आयलंडमधल्या वेस्टरलीला गेली. माझी वेस्टरलीची. तिची बॅक लॅमिनेट (पातळ थर चिकटवलेल्या) मेपलची आहे, दाबून कमान दिलेली, आतून बॅकला एकही ब्रेस नाही. आणि आवाज असा की हॉलमध्ये शेवटच्या रांगेत पोचतो. इथले लोक लॅमिनेट म्हटलं की नाक मुरडतात म्हणून मुद्दाम लिहिलं. टॉप सॉलिड हवा हे खरं, कारण आवाज मुख्यतः टॉपच काढतो. तुमच्या एससीईचा टॉप सॉलिड स्प्रूस आहे, साध्या ईजे-२०० चा नसायचा, एवढं तपासा. साउंडहोलच्या कडेला टॉपच्या लाकडाच्या रेषा वरून खाली सलग आत जाताना दिसल्या तर सॉलिड, मध्ये वेगळ्या रंगाचा थर दिसला तर प्लाय.

---

म्हापशेकार | १८ सप्टेंबर, सकाळी ७:५०

अरे पण मूळ गोष्ट कोणी बोलतच नाही. गिटार कुठे आहे? अलिबाग. महिना कोणता? सप्टेंबर. दोन-तीन पावसाळे समुद्राकाठी उघड्यावर स्टँडवर. फुगणार नाही तर काय होणार!

आमच्याकडे जून ते सप्टेंबर प्रत्येक गिटारची ॲक्शन चढते. स्प्रूस ओल खातो आणि आडवा पसरतो. आतून ब्रेस आडव्या चिकटवलेल्या, त्या पसरू देत नाहीत, मग टॉपला जायला एकच दिशा उरते, वर. टॉपबरोबर ब्रिज वर, ब्रिजबरोबर तारा वर. नोव्हेंबरात आपोआप खाली येते. आवाज बसलाय म्हणता तेही तेच, ओला टॉप जड होतो, हलायला आळशी होतो. वर काळ्या तारा. त्या तारांवर जगातली कुठलीही गिटार बसलेलीच वाजेल.

मुळशीकर बाब, आधी एक छोटा हायग्रोमीटर घेऊन जा, पाचशेच्या आत मिळतो. त्या खोलीत आर्द्रता बघ. गिटारला ४५ ते ५५ टक्के लागते. तिकडे ८० च्या खाली निघाली तर मला सांग.

आणि फ्रेट बघ, खाऱ्या हवेने हिरवट झाले असतील. ट्यूनिंगच्या चाव्या फिरवून बघ, गंज असेल तर अडकतात.

---

सावजी | १८ सप्टेंबर, सकाळी ११:००

@म्हापशेकार पटलं. आमच्या नागपूरला उलटं असतं म्हणून डोक्यात आलं नाही. मे महिन्यात दुपारी आर्द्रता वीसच्याही खाली जाते, टॉप आत बसतो, ॲक्शन एवढी उतरते की तारा फ्रेटांना घासतात. फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटांची टोकं बाहेर येऊन हाताला ओरखडे काढतात. आमच्या शेजारच्या पोराच्या गिटारचा टॉप ब्रिजपासून खालपर्यंत सरळ तडकला, तीन इंच. कूलरसमोर ठेवली की ओलसर, कूलर बंद की कोरडी, रोजचं हे. लाकडाने काय करायचं.

---

न्यूजर्सीकर | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

इथे जानेवारीत हीटर चालू असताना घरातली आर्द्रता २० वर येते. म्हणजे मी हिवाळ्यात नागपूरकर असतो.

---

पहिली_तार | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४१

मग सावजी मटण पण खाऊन घ्या तिकडे, बाहेरून तरी गरम व्हाल.

---

मिरजवाला | १९ सप्टेंबर, सकाळी १०:२०

मी गिटारचा माणूस नाही, आमच्या घरात तंबोरे-सतारी बनतात. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते वाचलं असेलच.) पण हल्ली गिटारी पण दुरुस्तीला येतात, ब्रिज उखडलेल्या जास्त.

ए तारेच्या एकाच फ्रेटवर गुरगुर येते म्हणालात. तार फ्रेटला लागून जो आवाज येतो तो तारेतून येतो, पातळ, चरचरीत. हा आतून येतोय म्हणता, म्हणजे पेटीत काहीतरी सुटं आहे आणि त्या एका सुराला ते थरथरतं. ए च्या पाचव्या फ्रेटवर डी वाजतो, मधल्या सुट्या, म्हणजे न दाबलेल्या, डी तारेचाच सूर. ती तार सुटी वाजवून बघा, तीच गुरगुर आली पाहिजे. आली तर फ्रेटचा दोष नाही.

मग शोधायचं कसं. एकाने तो सूर वाजवत राहायचं, दुसऱ्याने बोटाने टॉपवर जागोजागी हलकं दाबत जायचं. जिथे दाबल्यावर गुरगुर थांबते तिथे आतली पट्टी सुटलेली. टिचकी मारत गेलात तरी कळतं, चिकटलेल्या जागी भरीव आवाज, सुटलेल्या जागी पत्र्यासारखा. आधी बाहेरच्या वस्तू बघून घ्या, ट्यूनिंग चाव्यांचे नट, बॅटरीचा डबा, पिकअपची लोंबणारी वायर. यांचंच असतं पुष्कळदा.

पट्टी सुटली असेल तर घाबरू नका. साउंडहोलमधून हात घालून सरस भरायचा आणि आतून टेका देऊन दाबून ठेवायचं. पण कोणी झटपट चिकटणारा गम ओतला असेल तर अवघड. आमच्याकडे गेल्या वर्षी एक गिटार आली, कुठल्याशा दुकानात तिचा ब्रिज तसल्या गमने चिकटवला होता, पुन्हा उखडला आणि येताना टॉपचे तंतू घेऊन आला. सरस ऊब आणि वाफ दिली की सुटतो, परत लावता येतो, म्हणून आमच्या आजोबांपासून आम्ही सरसच वापरतो. ब्रिज बघताना मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज उठतोय.

---

बाराखडी | १९ सप्टेंबर, सकाळी ११:१५

तंबोऱ्यात तर मुद्दाम जवारी काढतात ना आवाजाला झार यावी म्हणून? मग गिटारला गुरगुर का नको?

---

मिरजवाला | १९ सप्टेंबर, दुपारी १२:०५

जवारीत तार घोडीच्या पृष्ठभागाला जिथे हळूच टेकते तिथली उतरण कानसेने तासून तासून आणलेली असते, प्रत्येक तारेला, प्रत्येक वेळी सारखी. तिच्यामुळे सूर उलगडतो. सुट्या पट्टीची गुरगुर सुराच्या अंगावर येते आणि एकाच सुरावर येते. दोन्ही शेजारी वाजवून ऐकलंत की पुन्हा विचारणार नाही. मिरजेला आलात तर या दुकानात, ऐकवतो.

---

धोबीतलाव | १९ सप्टेंबर, दुपारी ४:३०

मिरजवाले, सुंदर लिहिलंत. म्हापशेकारांचं निदानही पटतंय, पण एक सावधगिरी. ओलीने फुगलेली गिटार आणि नेक झुकलेली गिटार सप्टेंबरात दिसायला सारख्याच. ओल असताना पट्टी लावून बघितली तर ब्रिज वर आलेला असल्यामुळे पट्टी खालीच आपटणार, म्हणजे चांगली गिटारसुद्धा नापास होईल. माझी पट्टीची कसोटी कोरड्या हवेतली समजा.

गिटार कधीची आहे? आतल्या लेबलवर सीरियल नंबर असेल, पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना. फिंगरबोर्ड कशाचा आहे तेही बघा. २ जानेवारी २०१७ पासून सगळ्या रोजवूडवर साइट्सचे (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले, कागदपत्रांच्या कटकटीमुळे बऱ्याच कंपन्या पाउ फेरो आणि लॉरेल या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

---

अनघा_फिंगरस्टाइल | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

आणि ते रोजवूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला शिसव! ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिन कंपनी १९६९ मध्ये भारतीय रोजवूडवर आली, तेव्हापासून जगातल्या कितीतरी चांगल्या गिटारींच्या पाठी आपल्याकडच्या जंगलातल्या. आजीच्या घरचा शिसवी पलंग बघितला की मला आता त्यात बॅक आणि साइडचे जोड दिसतात. 😄

---

पहिली_तार | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१८

आजीला सांगून ठेवा, पलंगाला कुलूप लावा म्हणावं.

---

मुळशीकर | २९ सप्टेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आलो, मित्राला बरोबर घेतलं.

हायग्रोमीटर त्या खोलीत ८४ दाखवत होता. म्हापशेकार, _/\_

सीरियल १५०७ ने सुरू, म्हणजे जुलै २०१५. फिंगरबोर्ड रोजवूडचाच दिसतोय. टॉप सॉलिड, साउंडहोलच्या कडेला रेषा सलग आत जातात. सॅडल ब्रिजच्या वर जवळजवळ ४ मिमी, म्हणजे कोणी घासलेलं नाही. कागद ब्रिजखाली कुठेच जात नाही. फुगवटा सगळीकडून सारखा आहे, साउंडहोलच्या बाजूला खड्डा नाही. सातव्या फ्रेटखाली फट मात्र चांगली अर्ध्या मिमीची आहे.

सुटी डी तार वाजवली, तीच गुरगुर! मित्र दाबत गेला, ब्रिजच्या मागे डाव्या बाजूला एका जागी दाबलं की एकदम बंद. फोनचा कॅमेरा टॉर्च लावून आत घातला, व्हिडिओत दिसतंय, एक तिरकी बारीक पट्टी टोकाला टॉपपासून सुटलीय, केसाएवढी फट आहे. बाकीच्या पट्ट्यांच्या मुळाशी गम व्यवस्थित दिसतो. फ्रेट हिरवे आहेत पण झिजलेले नाहीत, पहिल्या तीन फ्रेटवर बारीक खाचा. ट्यूनिंग चाव्या जड पण फिरतात. पिकअप सॅडलखालचा चालतो, फिंगरबोर्डच्या टोकाचा खरखरतो.

सरळ धारेच्या पट्टीचं टोक ब्रिजच्या कडेखाली आपटतंय, साधारण दीड मिमी. धोबीतलाव म्हणाले तसं आत्ता ते धरत नाही.

मालक भला माणूस आहे. मी म्हटलं गिटार महिनाभर पुण्याला नेतो, १० हजार ठेवतो, कोरड्या जागी ठेवून बघतो, नेक ठीक निघाला तर घेतो नाहीतर परत आणून देतो. तयार झाले. आता कोरडी कशी करू? केसमध्ये सिलिका जेल भरू का?

---

म्हापशेकार | ३० सप्टेंबर, सकाळी ७:३०

सिलिका जेल पोतंभर टाकू नको! ते फक्त ओढतं, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. ८४ वरून एकदम ३० वर आणलंस तर टॉप तडकेल. गिटारसाठी दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं मिळतात, ४९ टक्क्यांची, जास्त असेल तर ओल घेतात, कमी असेल तर देतात. केसमध्ये दोन-तीन टाक, हायग्रोमीटर आत ठेव, तारा थोड्या उतरव आणि विसरून जा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस एवढंच.

---

सावजी | ३० सप्टेंबर, सकाळी ९:४५

१० हजार ठेवून महिनाभर गिटार घरी? असा विक्रेता मला पण द्या.

---

न्यूजर्सीकर | ३० सप्टेंबर, रात्री ८:५०

फार छान तपासलंत. तारांचं सांगतो, दुरुस्तीनंतर लगेच जाड तारा चढवू नका. १२-५३ चा सेट (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) जंबोला शोभतो, आधी महिनाभर ११-५२ लावा, थोडा ताण वाचतो. मी माझ्या बाराताऱ्या गिल्डला पूर्ण एक स्वर खाली, डी ला लावतो आणि गरज पडली की दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). १२ तारांचा ताण शंभर किलोच्या वर जातो, या वयात तिला कशाला त्रास.

---

मुळशीकर | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

अपडेट, जरा मोठी आहे.

केसमधला हायग्रोमीटर दोन आठवड्यांनी ५२ वर येऊन स्थिरावला. ॲक्शन ३.६ वरून ३.१. फुगवटा तिरप्या उजेडात अजून दिसतो पण निम्मा. पट्टीचं टोक आता ब्रिजच्या वरच्या कडेला बरोबर टेकतं, नेकचा कोन ठीक आहे!! ट्रस रॉड इथल्या एका कारागिराने माझ्यासमोर पाव फेरा आवळली, फट पाव मिमी झाली आणि ॲक्शन २.९. सुटी पट्टी त्यानेच चिकटवली, आतून टेका देऊन रात्रभर ठेवली. गुरगुर गेली. फ्रेट घासून चकचकीत केले. खरखरणारा पिकअप तसाच आहे, त्याचं नंतर बघू. मालकांशी बोललो, २० हजारात ठरलं, दुरुस्तीचे धरून साधारण २४ च पडले.

११-५२ तारा लावल्या. आवाजाबद्दल काय लिहू. खालच्या तारा पूर्वी नुसत्या घुमायच्या, आता प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, ई मायनर मारला तर सहाही तारा वेगवेगळ्या मोजता येतात. जोरात मारलं तरी फाटत नाही. ड्रेडनॉटवर मी जिथे पूर्ण ताकद लावायचो तिथे हिची अजून अर्धी शिल्लक असते. काल बैठकीत ढोलकीवाला स्वतःहून म्हणाला, आज गिटार ऐकू आली.

अनघाताई, माझी उंची पाच-दहा, खांदा ठीक आहे, पण तुम्ही म्हणता तसं बोटांनी वाजवताना डी तार जरा दादागिरी करते.

प्रश्न एकच. ॲक्शन २.९ वरून २.५ ला आणायची तर सॅडल किती घासू?

---

अनघा_फिंगरस्टाइल | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

अभिनंदन!! रेकॉर्डिंग टाका ना, साधं फोनवरचं चालेल. उजवा हात साउंडहोलपासून जरा ब्रिजकडे सरकवून वाजवा, डी ची दादागिरी कमी होईल.

---

धोबीतलाव | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३५

मुळशीकर, सौदा चांगला झाला आणि त्याहून चांगली गोष्ट म्हणजे तुम्ही घाई केली नाहीत.

हिशेब असा, सॅडल जेवढं घासाल त्याच्या निम्मी ॲक्शन बाराव्या फ्रेटवर उतरते. ०.४ उतरवायची तर ०.८ घासायला लागेल. पण आत्ता घासू नका. पुण्याचा एप्रिल-मे जाऊ द्या. तेव्हा हवा कोरडी होऊन टॉप अजून थोडा बसेल, ॲक्शन स्वतःच दोन-तीन दशांश उतरेल. आज २.५ केलंत तर मे मध्ये तारा फ्रेटांना लागतील आणि घासलेलं सॅडल परत वाढत नाही.

आणि सोसायटीच्या कार्यक्रमात स्पीकरला लावाल तेव्हा साउंडहोलवर रबरी झाकण बसवा. एवढी मोठी पेटी स्पीकरसमोर लगेच घूं करते, खालच्या पट्टीत.

---

मिरजवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:००

मूळ सॅडलला हातच लावू नका. हाडाचं दुसरं बनवून घ्या, जरा बुटकं. पावसाळ्यात बुटकं घालायचं, उन्हाळ्यात मूळ उंच. तार सैल करून बदलायला दहा मिनिटं. फक्त खाली पिकअप आहे म्हणून सॅडलचा तळ आरशासारखा सपाट लागतो, जरा वाकडा राहिला तर एखादी तार स्पीकरवर दबकी येते. मी करून देतो. लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांची उंची पाठवा, वरची गोलाई मूळ सॅडल कागदावर ठेवून पेन्सिलीने काढा.

---

मुळशीकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२५

हे बेस्ट. मापं आणि कागदाचा फोटो उद्या व्यनि (खाजगी निरोप) करतो. रेकॉर्डिंग रविवारच्या बैठकीनंतर टाकतो.

---

बाराखडी | १० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मुळशीकर दादा, मग ती एफ-३१० विकणार का? मी हडपसरला असतो.